जक्कूरचं छप्पर

आमच्या कफर बरोश या यहुद्यांच्या गावात देवाचं काम चालायला दहा पुरुष लागतात. नऊ असले तर सभास्थानात सामुदायिक प्रार्थना होत नाही, शास्त्राची गुंडाळी उघडत नाही, नवरानवरीला आशीर्वाद देता येत नाहीत आणि कुणी गेलं तर कबरीपाशी सांत्वनाची रांग उभी राहत नाही. नऊ पुरुषांत पन्नास बायका मिळवल्या तरी उत्तर नऊच येतं. मी सिप्पोरा, सभास्थानाच्या प्रमुखाची थोरली बहीण, त्या पन्नासांतली एक. विधवा होऊन भावाच्या घरी आले त्याला वीस वर्षं झाली. मोजणीत नसण्याचा एक फायदा असतो. आपल्याकडे कुणी बघत नाही, त्यामुळे आपल्याला सगळं दिसतं.

रोमी फौज गालीलातून गेली त्याआधी गावात साठ पुरुष होते. फौज गेल्यावर उरले ते उरले. मी सांगतेय त्या वर्षी अकरा होते. एक माझा भाऊ हिल्कीया, सभास्थानाचा प्रमुख. त्याला चार मुली, म्हणजे मोजणीपुरतं कुणी नाही. दुसरे आमचे बाबा, चौऱ्याऐंशी वर्षांचे, पाय गेलेले, बाजेवर. तिसरा जक्कूर पाथरवट. बाकीच्या आठांची नावं सांगत बसत नाही. त्यांतले सात माझ्या भावाला घाबरायचे आणि आठवा बायकोला.

गाव कुंभारांचं. मातीचं भांडं विटाळलं की फोडून टाकावं, असं शास्त्र सांगतं, आणि शास्त्राचा एवढा अभिमान बाळगणारं गाव सबंध गालीलात सापडणार नाही. दगडाला मात्र विटाळ लागत नाही. म्हणून हात धुवायला घरोघरी जक्कूरने कोरलेले दगडी पेले. डोंगरातल्या कबरीही त्यानेच खोदलेल्या. आणि सभास्थानात पुढे उभं राहून प्रार्थना म्हणायचाही तोच, कारण गावात गळा त्या एकट्यालाच होता. माझ्या भावाचा आवाज भट्टीत तडकलेल्या मडक्यासारखा आहे, हे मी त्याच्या तोंडावरही सांगते.

जक्कूरमध्ये खोट एकच. तो नाझरेथच्या त्या माणसाचा होता. रोमी लोकांनी खांबावर टांगून मारलेला माणूस हाच ख्रिस्त, देवाने पाठवलेला राजा, आणि तो लवकरच परत येतोय, असं त्याचं म्हणणं. बाकी तो आमच्यासारखाच. शनिवारी काम बंद ठेवून शब्बाथ पाळायचा, उपास करायचा, डुकराच्या वाऱ्याला उभा राहायचा नाही. आम्ही म्हणायचो, राजा यायचाय. तो म्हणायचा, येऊन गेला आणि परत येतोय. राजा आता येईलच म्हणून जक्कूरने अकरा वर्षं घराच्या छपराला माती लावली नव्हती. पावसाळ्यात त्याच्या घरात आठ ठिकाणी गळायचं आणि तो त्या आठ जागी स्वतः कोरलेले पेले ठेवायचा. ते पेले हजार वर्षं टिकतील असे. राजाची एवढी घाई असताना एवढा टिकाऊ माल कशाला, असं मी एकदा विचारलं, तर हसला आणि मला माफ केलं. ती त्याची वाईट खोड होती. तो सगळ्यांना माफ करायचा, न मागता.

बाबांचा त्याच्यावर फार जीव. नाझरेथच्या माणसाबद्दल त्यांना कुणी विचारलं तर म्हणायचे, "तरुणपणी एकदा पाहिला होता, लांबून. गर्दीत काही ऐकू आलं नाही, म्हणून माझं काही मत नाही." सभास्थानात तीस वर्षं प्रमुखपण केलेल्या माणसाचं हे मत. पण मत नसणं हे हल्लीच्या विद्वानांना चालत नाही.

वसंतातला वल्हांडणाचा सण झाला आणि यव्नेहून रब्बी, म्हणजे शास्त्रगुरू, मत्तन्या आला. वय पंचवीस, दाढी विरळ, पाठांतर दाट. रोमी लोकांनी मंदिर जाळल्यापासून आमचे सगळे विद्वान यव्नेला जमले होते आणि तिथे बसून जे उरलंय ते कसं सांभाळायचं याचा विचार करत होते. त्यांना मी नावं ठेवत नाही. घर जळालेला माणूस उरलेलं गाठोडं छातीशी धरतोच, आणि कुणी जवळ आलं की खेकसतोही. मत्तन्याने तिथून प्रार्थनेत घालायचा एक नवा आशीर्वाद आणला होता. आशीर्वाद फक्त नावाचा. त्यात वाट सोडून गेलेल्यांची नावं जिवंतांच्या यादीतून पुसली जावोत, असं मागणं होतं. आमच्याकडे शापालाही आशीर्वाद म्हणतात. मोठ्या माणसांच्या तोंडी वाईट शब्द येऊ नये, एवढाच हेतू.

मत्तन्याने तो मजकूर जक्कूरला दोनदा ऐकवला, आणि शब्बाथला म्हणायला सांगितला. जक्कूर म्हणत गेला, आणि त्या जागी येऊन थांबला. सभास्थानात एवढी शांतता झाली की बाबांचं घोरणं ऐकू यायला लागलं.

"म्हणा," मत्तन्या म्हणाला.

"रब्बी, हे माझ्याच डोक्यावर पडतंय. माझ्याच तोंडून कसं काढू?"

"तेच पाहायचं होतं," मत्तन्या म्हणाला.

तेवढ्यावर झालं. कुणी धक्काबुक्की केली नाही, कुणी आवाज चढवला नाही. जक्कूरने अंगावरची शाल नीट केली, बाबांच्या बाजेपाशी वाकला आणि बाहेर गेला. माझा भाऊ खाली बघत होता. लोकांना वाटलं, लाजेने. मी त्याला लहानपणापासून ओळखते. तो बोटांवर मोजत होता. अकरातून एक गेला, दहा उरले. पुरे.

जक्कूरला बाहेर काढलं, त्याचे पेले मात्र घरोघरी राहिले. मत्तन्याला कुणीतरी विचारलंसुद्धा. त्याने कपाळाला आठ्या घालून सांगितलं की दगडाला विटाळ लागत नाही, तेव्हा पेला शुद्ध आहे, फक्त तो करणारा नाही. मग त्याने त्याच पेल्याने हात धुतले आणि आमच्याकडे जेवला.

त्या दिवसापासून बाबा हा गावचा दहावा माणूस. गावातला सगळ्यांत मोठा पोरगा तेरा वर्षांचा, म्हणजे मोजणीत धरण्याजोगा, व्हायला अजून दोन वर्षं होती, तोवर बाबांनी मरायचं नाही, असं ठरलं. दुभत्या गाईला जपावं तसं गाव त्यांना जपायला लागलं. ज्यांनी दहा वर्षांत उंबरा चढला नव्हता त्यांच्या घरून मसुराचं कढण येऊ लागलं. दर शब्बाथला चौघं बाज उचलून त्यांना सभास्थानात नेत. तिथे ते झोपले तरी चालायचं. माणूस हजर असावा, एवढंच शास्त्र मागतं.

पण बाबा पहिल्याच शब्बाथला जागे राहिले. प्रार्थना अर्धी झाली आणि त्यांनी भर सभेत विचारलं, "जक्कूर कुठंय? त्याचा आवाज का येत नाही?"

हिल्कीया त्यांच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "म्हणतोय ना, बाबा. तुम्हांला ऐकू येत नाही आता."

मी मागच्या भिंतीशी उभी होते. मला वाटलं, घरी गेल्यावर हा खरं सांगेल.

"मग तुझं कसं ऐकू येतंय रे?" बाबांनी विचारलं.

"मी जवळ आहे म्हणून."

बाबांनी मान डोलावली. ते साधे होते; आपला मुलगा, सभास्थानाचा प्रमुख, शास्त्राच्या गुंडाळीपुढे उभा राहून आपल्याशी खोटं बोलेल असं त्यांच्या मनातच आलं नाही. त्यांनी उजवा हात कानामागे धरला आणि पुढे जो कोण रेकत होता त्याच्याकडे तोंड करून ते ऐकायचा प्रयत्न करत राहिले. दर शब्बाथला. सात महिने. हात दुखला की डाव्या हाताने तो हात धरायचे. घरी आल्यावर मी हिल्कीयाला म्हटलं, अरे, सांग त्यांना. तो म्हणाला, सांगितलं तर ते यायचे नाहीत, मग नऊ राहतील. ताई, तुला सभास्थानाला कुलूप लावायचंय का? मला कुलूप लावायचं नव्हतं. मीही गप्प बसले. कढण मीच भरवत होते, त्यांचा कान माझ्या तोंडापासून वीतभर लांब होता, आणि मी गप्प बसले. याची मला आजही लाज वाटते.

जक्कूर शब्बाथच्या दुसऱ्या दिवशी डोंगरापलीकडे त्याच्या लोकांत जायचा. तिथे प्रेमाचा पूर वाहत असेल असं मला वाटे. एकदा विहिरीवर भेटला तेव्हा कळलं की तिथेही भांडण होतं. ग्रीक लोकांना आपल्यात घ्यायचं तर त्यांची सुंता करायची की नाही, यावर ते एकमेकांना बाहेर काढत होते. म्हणजे आमचीच माणसं, यात शंका नको.

ऑलिव्ह झोडायच्या दिवसांत, एका शुक्रवारी सकाळी बाबा गेले. मी आणि हिल्कीया दोघंही जवळ होतो. त्यांनी विचारलं, आज शब्बाथ का? उद्या, हिल्कीया म्हणाला.

"मग जक्कूरला सांग," बाबा म्हणाले, "जरा मोठ्याने म्हण."

तेवढं सांगून ते गेले.

माणूस गेला त्याच दिवशी पुरायचा, आणि शुक्रवार असला तर सूर्य बुडायच्या आत, कारण सूर्य बुडाला की शब्बाथ लागतो. मला त्या दिवशी एकच गोष्ट हवी होती. बाबांच्या कबरीपुढे रांग उभी राहायला हवी होती. पुरून झाल्यावर दहा पुरुष रांगेत उभे राहतात, घरचे त्यांच्यासमोरून जातात आणि प्रत्येकजण सांत्वनाचा शब्द बोलतो. एवढंच असतं ते. पण बाबा साठ वर्षं गावातल्या प्रत्येकाच्या रांगेत उभे राहिले होते. लढाईच्या वर्षी, पुरायला माणसं जास्त आणि रांगेला कमी, तेव्हा ते तीन गावं फिरून माणसं गोळा करून आणत. त्यांच्याच कबरीपुढे रांग नसावी, हे मला सहन होणारं नव्हतं.

हिल्कीयाने पुन्हा बोटं मोजली. मला त्याची दयाच आली. सुतक असलेल्या माणसाला रांगेत धरत नाहीत. रांग त्याच्यासाठीच असते. म्हणजे बाबा गेले आणि हिल्कीयाही गेला. उरले आठ. जवळचं गाव अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, सूर्य डोक्यावर आलेला. कढणाने सात महिने सांभाळलेला हिशेब एका सकाळी पार कोसळला.

दुपारी गाढवावरून रब्बी मत्तन्या आला. गावोगावी फिरता फिरता शब्बाथपुरता आमच्याकडे टेकायला आला होता. त्याला पाहून मला आनंद व्हायची ती पहिली आणि शेवटची वेळ. आठ आणि एक, नऊ.

कबरीपाशी गेलो तर जक्कूर तिथे आधीच होता. ती गुहा त्यानेच खोदलेली, आणि तोंडावरचा दगड त्याच्याशिवाय कुणाला नीट बसवता येत नाही. म्हणून त्याला कुणी हाकललं नव्हतं. पाथरवट म्हणून तो चालत होता. अंगभर पांढरी धूळ, पापण्यांवरसुद्धा, आणि त्या धुळीतून डोळ्यांखाली दोन ओल्या रेघा उतरलेल्या. बाबांना आत ठेवलं. जक्कूरने दगड लोटून बसवला आणि बाजूला जाऊन उभा राहिला. रांग लागली. आठजण उभे राहिले, त्यांच्या शेजारी मत्तन्या. मग सगळे इकडेतिकडे बघायला लागले. सूर्य डोंगराच्या खांद्याला टेकला होता.

आठांतल्या एकाने हळूच सुचवलं, जक्कूरला घेऊ या का. सुचवणारा तोच, बायकोला घाबरणारा. नवऱ्याला दुसऱ्या कुणाची भीती असेल तर त्याच्यात थोडं धैर्य शिल्लक राहतं. मत्तन्या म्हणाला, ते शक्य नाही. ज्याला प्रार्थनेत धरत नाही त्याला रांगेत धरलं, तर वल्हांडणानंतर आपण केलं ते काय होतं? त्याचं बरोबर होतं. विद्वान लोकांचं नेहमीच बरोबर असतं, त्यामुळे त्यांच्याशी बोलायची पंचाईत होते. त्याने हेही सांगितलं की अशा रांगेत तोही उभा राहणार नाही. माझा भाऊ, सभास्थानाचा प्रमुख, ज्याने एका शब्दाने हे मिटवायचं, तो सुतकाच्या रीतीने फाडलेल्या अंगरख्यात उभा राहून पुन्हा बोटं मोजत होता.

मग मी पुढे झाले. बायकांनी माझा पदर ओढला, तो मी सोडवून घेतला.

"रब्बी," मी म्हटलं, "तो गेला तर नऊ उरतात. तुम्ही गेलात तरी नऊच उरतात. माझ्या बापाच्या कबरीपुढे तुम्हां दोघांचं वजन सारखंच आहे."

तो काही बोलायच्या आत मी मोजायला लागले. आमच्यात माणसं आकड्याने मोजत नाहीत. ते पाप आहे, त्याने रोगराई येते म्हणतात. त्यासाठी स्तोत्रातलं दहा शब्दांचं एक वचन आहे. एकेका माणसापुढे एकेक शब्द म्हणत जायचं. वचन पुरं झालं की दहा झाले. हे काम प्रमुखाचं. बाईने हे केल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे बाईने हे करू नये असंही कुणी कुठे म्हटलेलं नव्हतं. मी रांगेसमोरून चालत गेले. आठ शब्द आठांपुढे म्हटले. नववा मत्तन्यापुढे म्हटला. तो जागचा हलला नाही. चालत्या वचनातून बाहेर पडणं म्हणजे देवाचं वाक्य तोडणं, आणि तेवढं पाठांतर त्याचं पक्कं होतं. मग मी रांग सोडून सरळ जक्कूरपर्यंत गेले, दहावा शब्द त्याच्या धुळीने भरलेल्या डोक्यापाशी म्हटला आणि त्याला बाहीला धरून आणून मत्तन्याच्या शेजारी उभा केला.

वचन पुरं झालं होतं. चूक झाली म्हणायचं तर पुन्हा मोजायला हवं होतं, आणि सांत्वनाच्या रांगेत माणसं दोनदा मोजायची कुणाची हिंमत नव्हती. मत्तन्याने जक्कूरकडे पाहिलं नाही, पण खांदा बाजूलाही घेतला नाही. एवढ्या लहान वयात एवढं सगळं बरोबर असण्याचा भार होता त्याच्यावर.

हिल्कीया रांगेसमोरून निघाला, मी त्याच्यामागे. एकेकजण म्हणत गेला, वरून तुम्हांला सांत्वन मिळो. मत्तन्याही म्हणाला. जक्कूरपाशी आल्यावर तोही तेच म्हणाला, हळू आवाजात, आणि त्या हळू आवाजातसुद्धा सात महिन्यांत कुणाला म्हणता आलं नव्हतं तसं. हिल्कीयाने पुढे जायला हवं होतं. तो थांबला.

"बाबांनी निरोप ठेवलाय," तो म्हणाला. "उद्या जरा मोठ्याने म्हण, म्हणाले."

जक्कूरला कळेना. "उद्या?"

"मी त्यांना सांगत होतो, तू म्हणतोयस. त्यांनाच ऐकू येत नाही." माझ्या भावाचा तडकलेला आवाज तिथे पार फुटला. "ते कानामागे हात धरून बसायचे, जक्कूर. सात महिने."

मी वाट बघत राहिले. सगळेच बघत होते. ज्याने विहिरीवर रांग मोडणाऱ्यांना, पेला फोडणाऱ्यांना, सभेतून काढणाऱ्यांना उभ्या उभ्या माफ केलं होतं, तो आता बोलेल असं वाटलं. जक्कूर खाली जमिनीवर बसला. त्याने माफ केलं नाही. मला वाटतं, त्या दिवशी मी त्याच्या धर्मावर पहिल्यांदा विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना मत्तन्यानेच म्हटली. तो होता म्हणून दहा भरले. त्यानंतरच्या सकाळी तो गाढवावर बसून गेला. यव्नेला त्याने काय सांगितलं ते माहीत नाही. परत मात्र आला नाही.

सुतकाचे सात दिवस संपले तेव्हा पाऊस लागला होता. शुक्रवारी जरा उघडीप मिळाली तशी हिल्कीयाने शिडी घेतली, भुशात मळलेली माती घेतली, छपरावर फिरवायचा दगडी रूळ खांद्यावर टाकला आणि कुणाला काही न सांगता जक्कूरच्या घरावर चढला. गावाला आठ दिवसांपुरती चर्चा मिळाली. लोक म्हणाले, दहावा माणूस भिजून आजारी पडला तर परवडणार नाही, म्हणून प्रमुख माती लावतोय. लोक खोटं बोलत नव्हते. मीही त्या दिवशी कढण करून पाठवलं होतं, आणि ते का पाठवलं हे मला तरी कुठे नीट माहीत होतं.

जक्कूर दारात येऊन उभा राहिला. बराच वेळ वर बघत राहिला. अकरा वर्षं ज्याच्यासाठी छप्पर उघडं ठेवलं तो राजा सोडून भलताच माणूस वर चढला होता.

"कोपऱ्यात जास्त गळतं," शेवटी तो म्हणाला.

"दिसतंय मला," हिल्कीया वरून म्हणाला.

ओल्या जमिनीत शिडी सरकायला लागली तेव्हा जक्कूर पुढे झाला आणि त्याने ती धरली. दुपारभर धरून उभा होता.

दुसऱ्या दिवशी, शब्बाथला, सकाळी तो सभास्थानात आला. कुणी जागा दाखवली नाही, कुणी अडवलंही नाही. तो सरळ पुढे आपल्या जुन्या जागी जाऊन उभा राहिला. म्हणता म्हणता त्या नव्या आशीर्वादापाशी आला आणि थांबला. तेवढ्यात माझ्या भावाला खोकल्याची उबळ आली, मग बाकीच्या आठांनाही आली. पावसाळी हवा होती. खोकला थांबला तेव्हा जक्कूर पुढच्या आशीर्वादावर गेलेला होता.

बाबांची बाज अजून तिथेच भिंतीशी होती. तिच्याकडे तोंड करून जक्कूर इतक्या मोठ्याने म्हणत होता की मागे बायकांत उभं राहून मला कान झाकावेसे वाटले. मी झाकले नाहीत.